पार्टिशन काढताना

३ जून, सोमवार

डॉक्टर येऊन गेला. माणसांचा नव्हे. कोपऱ्यावर 'कॉम्प्युटर क्लिनिक' अशी पाटी लावून बसणारा दुरुस्तीवाला. त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. क्लासातल्या सहाही कॉम्प्युटरांची झाकणं उघडली, टॉर्च मारला, फुंकर मारली, खोकला. मग पेशंटसमोर बोलू नये तसं मला दाराशी नेऊन म्हणाला, "सर, आता यांना त्रास देऊ नका."

विचारलं, आजार काय? म्हणे, वय. नवं विंडोज बसणार नाही. जुनं उघडतं, पण मिटत नाही. मेमरी प्रत्येकी दोनशे छप्पन एमबी. "हल्ली पोरांच्या खेळण्यात याहून जास्त असते, सर."

हसलो. मनातून नाही.

सव्वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवतोय. लोखंडी टाइपरायटर होते तेव्हा लोक म्हणाले, कॉम्प्युटर आले, आता गाशा गुंडाळा. गुंडाळला नाही. कॉम्प्युटर घेतले. आता म्हणतात मोबाईल आले. येऊ देत. सध्या विद्यार्थी नाहीत, पण तो सीझनचा भाग आहे.

जाता जाता डॉक्टर म्हणाला, असल्या म्हाताऱ्या मशीनवर काही लोक लिनक्स टाकतात. विंडोजच्या जागी. फुकट असतं, हलकं असतं. "हौस म्हणून हो."

हौस! दाखवतोच याला.

डिसिजन: सहाही मशीनवर लिनक्स. आठवड्याच्या आत. विंडोजशी आजपासून बोलणं बंद.

हिला सांगितलं. ही त्याच हॉलमध्ये, प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे, शिवणक्लास घेते. म्हणाली, "टाका की. पण ते खिडकीजवळचं टेबल तेवढं रिकामं करून द्या. मला कापड बेतायला जागा नाही."

बोलणं चाललं होतं लिनक्सचं.

५ जून, बुधवार

व्यवसाय परीक्षा मंडळाचा फोन. मीच घेतला. "तुमच्या वर्गाची तपासणी सव्वीस तारखेला. सगळी यंत्रं चालू स्थितीत ठेवा."

म्हणजे मान्यतेचं नूतनीकरण. मंडळाला आपली आठवण आहे तर. लिनक्सचा निर्णय आणि हा फोन एकाच आठवड्यात! याला योग म्हणतात.

हिला सांगितलं. मशीनवरचा पाय थांबला. "कोणत्या वर्गाची? विचारलंत का?"

म्हटलं, त्यात विचारायचं काय? वर्ग एकच आहे. पार्टिशनपलीकडे चालतो तो छंद.

हिच्या सगळ्या विद्यार्थिनींनी माना खाली घातल्या. कामात गर्क असाव्यात. ही माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते परत गेलं. मशीन चालू केलं.

माझ्या तपासणीचं टेन्शन आलं असावं बिचारीला.

७ जून, शुक्रवार

लिनक्स शेकडो प्रकारचं असतं. मी सगळ्यात देखणं निवडलं. मान्यतेचा प्रश्न आहे, ऐरंगैरं चालणार नाही. डॉक्टरने डीव्हीडीवर उतरवून दिलं आणि बजावलं, "सर, याला चार जीबी मेमरी लागते." कंपन्या नेहमी वाढवून सांगतात. औषधाच्या बाटलीवरही दिवसातून तीन वेळा घ्या म्हणून लिहितात. आपण एकदाच घेतो. काही होतं का?

डीव्हीडी आत गेली. आतून खडे दळल्यासारखा आवाज. मग ती बाहेर आली, जणू काही घडलंच नाही. आपले ड्राइव्ह फक्त सीडीचे आहेत म्हणे. डॉक्टरने आधी सांगायला हवं होतं. तो म्हणतो, सांगितलं होतं.

पेन ड्राइव्ह लावून पाहिला. मशीन ओळखच दाखवेना. चालू होताना पेन ड्राइव्हकडे बघायची त्याला सवयच नाही, त्याच्या तरुणपणी ती पद्धत नव्हती. मला त्याचा हा ताठा आवडला.

१० जून, सोमवार

आठवडा झाला. पण आठवडा म्हणजे कामाचे दिवस धरायचे असतात.

डॉक्टरने एका सीडीत मावणारं चिमुकलं लिनक्स दिलं. "वय झालेल्यांना हेच पचतं." नाइलाजाने घेतलं. नंतर मोठं टाकता येईल.

स्क्रीन काळी झाली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर धावल्या. इतक्या वेगाने की मी खुर्ची मागे घेतली. शेवटी सगळं थांबलं आणि एक ओळ राहिली: कर्नल पॅनिक.

पॅनिक मी झालो नाही, याची इथे नोंद असावी. कर्नल झाला. एवढ्या हुद्द्याचा माणूस घाबरतो, मग शिपायांनी बघायचं कुणाकडे? डॉक्टरला फोन केला. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "सर, कर्नल सैन्यातला नव्हे. लिनक्सचा गाभा, त्याला कर्नल म्हणतात." मला ठाऊक होतं. त्याची परीक्षा घेत होतो. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, म्हणाला.

घासले. कर्नल सावरला.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी नऊला क्लासात हजर. जिना उतरला की क्लास. सबब चालणार नाही.

१२ जून, बुधवार

नऊला हजर. कालही नऊलाच. सीडी घालून एकामागून एक सगळी मशीनं सुरू केली. लिनक्सने विचारलं, डिस्कवरची जुनी पार्टिशनं काढून टाकू का? मला असे थेट प्रश्न आवडतात. उत्साहात मोठ्याने म्हणालो, "काढतो! आज सगळी पार्टिशनं काढून टाकतो!"

पलीकडची मशीनं एकदम थांबली. ही आली. मागून सात-आठ जणी. एवढा आनंद मी क्लासच्या रौप्यमहोत्सवालाही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. एकीने येताना स्क्रूड्रायव्हरच आणला होता. ही म्हणाली, "अहो, खरंच काढताय? मी कधीची म्हणतेय. तुमच्याकडेही जरा उजेड येईल."

नीट समजावून सांगितलं. हे पार्टिशन डिस्कवरचं. डिस्कचे कप्पे असतात, त्यांना म्हणतात. प्लायवुडचं आहे तिथेच राहील, तो तत्त्वाचा प्रश्न आहे. सगळ्या परत गेल्या. स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावरच विसरल्या.

सहाही मशीनवर होय म्हटलं.

दुपारी: टायपिंग शिकवायचा प्रोग्रॅमही जुन्या कप्प्यातच होता. धडे, परिच्छेद, आजवरचे सगळे निकाल. एका मशीनवर ठेवून मग बाकीची पुसायची, असं डॉक्टर आता सांगतो. आता! असो. ओझं कमी झालं. शिकवण्यासारखं सगळं माझ्या डोक्यात आहे.

ही विचारत होती, चेहरा का उतरलाय. उतरलेला नाही. जेवलो नव्हतो.

१४ जून, शुक्रवार

लागलं! एका मशीनवर लिनक्स पूर्ण लागलं!

निळा पडदा आला. खाली छोटीशी पट्टी, कोपऱ्यात घड्याळ. माउस हलवला की बाण हलतो. लगेच नाही, पण हलतो. मी 'अ' दाबला आणि 'अ' उमटला. डोळ्यांत धूळ गेली. या खोक्यांत फार धूळ आहे.

हिला हाक मारली. आली. वाकून पाहिलं. "छान आहे. अगदी शांत वाटतं." म्हटलं, उगीच नाही, लिनक्स आहे. परत जाताना खिडकीजवळच्या टेबलाला हात लावून गेली. मी दुर्लक्ष केलं.

कोपऱ्यातलं घड्याळ १ जानेवारी २००३ दाखवतं. कॉम्प्युटर बंद केला की तारीख विसरतो. डॉक्टर म्हणतो आतला बटणासारखा सेल संपलाय, दोन मिनिटांत बदलतो. २००३ साली सकाळी सहापासून बॅच असायच्या. दाराबाहेर चपलांवर चपला. आपली कुठली, ते पायांनी शोधावं लागायचं.

सेल बदलू नको म्हणालो. घाई काय आहे?

१७ जून, सोमवार

बाकीची पाच मशीनं अर्ध्यात अडकतात. मेमरी कमी पडते. डॉक्टर म्हणाला, दोघांची पट्टी एकात घाला. म्हणजे सहाचे तीन होतील, पण तीन तरी उभे राहतील.

केलं. सहाचे तीन. मंडळाला संख्या नव्हे, दर्जा लागतो.

खिडकीजवळच्या टेबलावर आता तीन रिकामी खोकी आहेत. ही म्हणाली, "अहो, ही तर बंदच आहेत ना? मग टेबल..." म्हटलं, बंद नाहीत. स्टँडबाय आहेत.

"आणि मी?" म्हणाली.

प्रश्न नीट समजला नाही. विचारेपर्यंत पलीकडे गेली होती.

१९ जून, बुधवार

भयंकर दिवस. सबब सांगत नाही, कारण सांगतो.

तिन्ही मशीनं एकदम चालू केली. काचेचे जाडजूड मॉनिटर, ते आधी 'टंग' करतात. त्याच क्षणी पलीकडे कुणीतरी इस्त्री लावली. मेन स्विच खाटकन पडला. वर केला, पडला. तिसऱ्यांदा वर केला तर माझ्या मधल्या मशीनमधून 'फट्' झालं आणि एक बारीक निळा धूर निघाला. वास अजून आहे.

पार्टिशनवरून आवाज आला, "सर, इस्त्री नव्हे हो, तुमचे टीव्ही काढा!" हिच्या क्लासात एक मोठ्या आवाजाची बाई आहे, तिची टीपसुद्धा रस्त्यावर ऐकू जाते. टीव्ही! पंधरा जणींसमोर!

मी म्हणालो, इस्त्रीशिवाय शिवण होत नसेल तर ती कला कसली? पूर्वी बायका हाताने शिवायच्या. जी काही थोडी तयारी उरलीय ती एका इस्त्रीपायी वाया जाणार.

ही पार्टिशनच्या टोकाशी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. तो चढवते तेव्हा बरं असतं. म्हणाली, "त्यांचे अर्धे कपडे पूर्ण व्हायचेत. त्यांनाही सव्वीस तारीख आहे."

त्यांना कसली तारीख? मुद्दा भरकटवायची सवय आहे.

तिनाची दोन झाली.

२० जून, गुरुवार

ही बोलत नाही. मीही बोलत नाही. दोन्ही बाजूंनी अबोला पाळतोय. पण माझं न बोलणं तत्त्वाचं आहे.

दुसऱ्या मशीनची डिस्क टकटक करते. डॉक्टरने कान लावला, डोळे मिटले. "सर, ही जास्त दिवस काढणार नाही." दुपारी गेली.

दोनाचं एक.

एक म्हणजे कमी नाही. सूर्यही एकच आहे.

२४ जून, सोमवार

उरलेल्या मशीनवर सर्व लक्ष केंद्रित. दोन पट्ट्या मिळून पाचशे बारा एमबी. त्याच्यापुरती ही गडगंज श्रीमंती.

डॉक्टर म्हणतो, साधा, कोऱ्या पानासारखा एडिटर ठेवा, तोच पळेल. मी पूर्ण ऑफिस टाकलं. पत्रव्यवहार, तक्ते, सगळं. परीक्षा म्हणजे परीक्षा. उघडायला वेळ घेतं. तेवढ्यात मी जाऊन चहा घेऊन येतो, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही.

"उघडल्यावर टाइप करून बघितलंत का?" डॉक्टरने विचारलं. बघितलं. एक-दोन शब्द. छान उमटतात.

बाकीच्या पाचांवर कव्हरं घालून पाट्या लावल्या: 'मेंटेनन्स चालू'.

२५ जून, मंगळवार

दुपारी खाली उतरलो तर ही एकटीच झाडत होती. तिची बाजू झाडून झाली होती, माझी चालली होती. माझ्या पाचही कव्हरांवरची धूळ झटकली, पाट्या सरळ केल्या. एका पाटीवर वेलांटी चुकली होती ती पेनने दुरुस्त केली. मी दारातच थांबलो. मला वाटलं टेबलाचं काढेल. काढलं नाही.

मग मीच म्हणालो, खिडकीजवळचं टेबल हवं तर घे. फक्त उद्यापुरतं. स्टँडबाय मशीनं मी खाली ठेवतो.

पाठीत उसण भरली. तिन्ही खोकी उचलली तरी. मॉनिटरही.

ती म्हणाली, "जपून हो." पाच दिवसांतले पहिले शब्द.

२६ जून, बुधवार. सकाळी ८

मशीन आत्ताच चालू करून ठेवलंय, म्हणजे वेळेवर जागं असेल. आज इतिहास घडेल. मी इतिहास हा शब्द सहसा वापरत नाही.

२६ जून. दुपारी ४

सविस्तर लिहितो.

तपासनीस बाई आल्या. वयस्क, सुती कपडे, जड बॅग, जिने चढून दमलेल्या. मी दारात स्वागत केलं. त्या नमस्कार करून सरळ पलीकडे गेल्या. बायकांचं बायकांशी आधी, हा शिष्टाचार मी समजू शकतो.

पण तिकडे केवढा वेळ! एकेक शिलाई मशीन स्वतः चालवून पाहिलं. कॉलर उलटी करून टीप बघितली, काजाचा दोरा नखाने ओढला, खिडकीजवळच्या टेबलावर कापड पसरून हिला बेतायला लावलं. मोठ्या आवाजाच्या बाईला प्रश्न विचारला. ती चक्क पुटपुटली. सौजन्य म्हणून किती करायचं त्याला मर्यादा असते. मी तीनदा खोकलो.

मग बाईंनी विचारलं, "इस्त्रीचं काम दाखवा ना."

हिने माझ्या मशीनचा पंखा घरघरत होता तिकडे पाहिलं. म्हणाली, "इस्त्रीचं शेवटी दाखवलं तर चालेल का? जरा लाइटचा प्रॉब्लेम आहे."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. हिचा चेहरा किंचित पडला. एकूण, इस्त्री बंद होती. शिस्त लागली म्हणायची.

तपासनीस बाई बॅग आवरून शेवटच्या इस्त्रीची वाट बघत उभ्या. मी पुढे झालो. म्हटलं, "मॅडम, मुख्य भाग राहिला."

त्या हिच्याकडे पाहू लागल्या. गोंधळल्या असाव्यात. ही हळूच म्हणाली, "पाच मिनिटं बघाल का, मॅडम? सव्वीस वर्षं चालवतात."

बसल्या. मी लिनक्सचं महत्त्व सांगितलं, दोनशे छप्पन, पाचशे बारा, कर्नल, सगळं. बाई मान डोलावत होत्या. मग म्हणाल्या, "आणि टाइप कोण करणार?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी आजूबाजूला पाहिलं. पाच कव्हरं, पाच पाट्या.

तेव्हा हिने बोटातलं अंगुस्तान काढलं, टेबलावर ठेवलं आणि येऊन खुर्चीत बसली. पाठ ताठ, मनगटं उचललेली. मी शिकवलं होतं तसंच. ही लग्नाआधी माझ्याच क्लासात होती, पहिल्या बॅचला. हे मी मॅडमना सांगितलं नाही, पक्षपात वाटला असता.

टाइप करायला लागली. न बघता. तोच पहिल्या परीक्षेचा परिच्छेद, पाठ होता अजून तिला. 'आपले पत्र पोहोचले. मजकूर वाचून समाधान वाटले.' मी जिन्यावर जरी असतो ना, नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं कुणाची बोटं आहेत. क्लासात इतक्या वर्षांत तो आवाज ऐकलाच नव्हता. पार्टिशनवर एकेक करून डोकी उगवली.

स्क्रीन मात्र कोरी.

ती थांबली नाही. पूर्ण परिच्छेद केला, पूर्णविराम दिला, हात मांडीवर ठेवले.

मग पहिलं अक्षर आलं. 'आ'. थोडं थांबून 'प'. ती हात जुळवून बसलेली, आणि समोर तिनेच मघाशी लिहिलेलं एकेक अक्षर सावकाश उगवतंय. तपासनीस बाई पुढे वाकल्या. 'आपले पत्र पो'. मोठ्या आवाजाची ओठांनी वाचत होती. 'पोहोचले.' त्यावर पलीकडून दोघींनी टाळ्याही वाजवल्या. 'मजकूर वाचून समाधान वा'.

तिथे थांबलं. सगळ्यांनी वाट पाहिली. पंखाही थांबला.

मी म्हणालो, "मॅडम, कॉम्प्युटर हळू नाही. उमेदवार फास्ट आहे."

बाई हसल्या. पहिल्यांदाच. "ते मात्र खरं. आलं तेवढ्यात एक चूक नाही." आणि हिच्या खांद्यावर हात ठेवला. मशीन बंदच पडलं होतं, मग ही उठून इस्त्रीचं दाखवायला गेली. स्विच पडला नाही.

मी पास आहे. लेखी यायचं बाकी.

१ जुलै, सोमवार

मंडळाचं उत्तर नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो.

'वाटले' मधलं 'टले' कुठे गेलं असेल?

८ जुलै, सोमवार

मंडळाचा फोन. "अभिनंदन. तुमच्या शिवणवर्गाला मान्यता मिळाली."

म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. टायपिंग म्हणा. पलीकडचा कारकून कागद चाळत होता, आवाज येत होता. म्हणाला, "टायपिंग? सर, तुमचा टायपिंगचा वर्ग दोन वर्षांपूर्वीच बंद झालाय. परीक्षेला कोणी बसलंच नाही ना. आता अर्ज आला तो मॅडमचा, शिवणाचा. तपासणीही त्याचीच होती."

मी म्हणालो, मला माहीत आहे. फोन ठेवला.

माहीत नव्हतं.

हिला विचारलं. तिने टीप पूर्ण केली, दोरा तोडला, मग वर पाहिलं. "हो. माहीत होतं मला."

मग सांगायचं नाही? मी माणसांसमोर, तपासनिसांसमोर...

"त्या फोनच्या दिवशीच सांगणार होते. तुम्ही छंद म्हणालात, मग रागाने नाही सांगितलं." बॉबिन बोटांत फिरवत होती. "मग राग गेला. तोवर तुम्ही रोज नऊला दाढी करून खाली यायला लागला होतात. दोन वर्षांत पहिल्यांदा. वर नुसतं पडून राहायचात ना... मग म्हटलं, असू दे."

पडून राहायचो, याला माझा आक्षेप आहे. मी विचार करायचो.

आणि इस्त्री? विचारलं. त्या मॅडमनी नापास केलं असतं तर?

"केलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा."

मी वर आलो. हे लिहायला. दाढीचा इथे काय संबंध, ते कळत नाही. डोळ्यांत पुन्हा तीच धूळ. वरच्या मजल्यावरही आहे म्हणजे.

१० जुलै, बुधवार

सव्वीस वर्षांचा वर्ग असा कारकुनाच्या एका वाक्याने बंद होत नसतो. अपील करणार. कडक मसुदा तयार. लिनक्सवर टाइप करायला घेतला, पहिल्या ओळीत बाण अडकला. हाताने लिहिला. हिने शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी 'नालायक' होतं ते काढलं आणि बाहेर जाता जाता टपालात टाकलं.

बाकी: प्लायवुडचं पार्टिशन मी आज स्वतः काढलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. स्क्रूड्रायव्हर टेबलावर होताच. हॉल केवढा दिसतो! उजेडात माझ्याकडच्या भिंतीचा रंग पाहून मात्र धक्का बसला.

१५ जुलै, सोमवार

मान्य वर्गाला विद्यार्थिनींची हजेरी रोज मंडळाच्या साइटवर भरावी लागते. ऐकताच पुढे झालो. म्हटलं, बघ, आता कॉम्प्युटर लागला ना? संपूर्ण जबाबदारी माझी. पद: तांत्रिक संचालक. ही म्हणाली, "बरं."

नऊला मशीन सुरू केलं. साइट उघडायला बसलो. पलीकडे (आता पलीकडे असं काही नाही, पण सवय) मुली येऊन बसल्या, धागे भरले, कापड कापलं. साइटने अखेर एक वाक्य दाखवलं: आपला ब्राउझर फार जुना आहे. नवा टाकायला गेलो. नव्याला मेमरी पुरेना. बंद करून चालू केलं. २००३.

"राहू दे हो," ही म्हणाली. "मी केली."

काय केली?

"हजेरी. मोबाईलवर. मघाशीच."

दाखवली. सगळ्या हजर. हिरव्या खुणा. उभ्या उभ्या केली होती, हातात कात्री असताना.

घरी... म्हणजे वर येऊन डॉक्टरला फोन केला, रागाने. आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की हिच्याकडे आहे तशा मोबाईलच्या आतला गाभा, तो कर्नल, मुळात लिनक्सचाच असतो. दोनदा विचारून खात्री केली.

म्हणजे क्लास लिनक्सवरच चालतोय! ३ जूनला मी जे म्हणालो तेच झालं. फक्त मशीन जरा लहान आहे. डॉक्टर, कारकून, साइट, सगळे बघत राहिले आणि जिंकलो मीच.

धावत खाली जाऊन हिला सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मशीनं थांबली. ही म्हणाली, "हो का? अभिनंदन." मग एक सुई आणि पांढरा दोरा माझ्या हातात दिला. "तेवढा ओवून द्या ना. माझे हात अडकलेत."

उजेडाकडे धरला. ओवू लागलो. दोरा जाईना. ओठांनी ओला करून पुन्हा ओवला. मोठ्या आवाजाची बघत होती.

सुयांची भोकं हल्ली फार बारीक ठेवतात. कंपनीला लिहिणार आहे.